फाईल नंबर एक : स्तामुस

रसिकाच्या शाळेच्या बिल्ल्यावर एक दिवा, एक पुस्तक आणि खाली सहा इंग्रजी अक्षरं होती. एस, टी, ए, एम, यू, एस. ही अक्षरं वसमतकरांच्या घरात सहा वर्षं रोज घासली, पुसली आणि युनिफॉर्मला टाचली जात होती. पण त्यांचा अर्थ काय, हे विचारायला कोणालाही सवड झाली नव्हती. बिल्ला आहे म्हटल्यावर त्यावर काहीतरी लिहिलेलं असणारच, एवढ्यावर घर खूश होतं.

त्या वर्षी सिकंदराबादच्या त्या कॉन्व्हेंटला पन्नास वर्षं पूर्ण होत होती आणि हेडमिस्ट्रेस सिस्टरबाईंच्या डोक्यातून एक कल्पना निघाली. सहावीच्या मुलींनी प्रार्थनेच्या वेळी शाळेबद्दल दोन-दोन मिनिटं बोलायचं. कोणाच्या वाट्याला दिवा आला, कोणाच्या वाट्याला पुस्तक. रसिकाच्या चिठ्ठीत तो शब्द निघाला. मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत, म्हणजे मोजून आठ दिवस.

आता वसमतकरांच्या घरात असा प्रश्न आला की पूर्वी तो थेट हॉलमधल्या वेताच्या खुर्चीकडे जायचा. त्या खुर्चीत मुकुंदराव बसत. रेल्वेतून ऑफिस सुपरिंटेंडेंट म्हणून निवृत्त झालेले मुकुंदराव तारनाक्याच्या त्या गल्लीत सर्वज्ञ म्हणून प्रसिद्ध होते, निदान त्यांची तशी समजूत होती. काझीपेटला गाडी किती मिनिटं थांबते इथपासून उंटाला तहान का लागत नाही इथपर्यंत कुठलाही प्रश्न असो, उत्तर पेपरातून डोकं वर न काढता मिळायचं. ते बरोबर असायचंच असं नाही, पण मिळायचं खात्रीनं.

आणि मग त्या वर्षी त्यांच्या मुलानं, हर्षदनं, घरात कॉम्प्युटर आणला. देशात सगळंच नवीन येत होतं, गल्लीत केबल आली, कोपऱ्यावर पिझ्झा आला, तसा हाही आला. त्याच्याबरोबर एक चकती आली आणि त्या चकतीत म्हणे जगातलं सगळं ज्ञान होतं. तेव्हापासून उंटाचे प्रश्न तिकडे जायला लागले. हर्षदनं तर वडिलांना शेवटचा प्रश्न विचारला होता तो इंजिनियरिंगच्या फॉर्मवर डोमिसाइलच्या रकान्यात काय लिहायचं हा, आणि त्यालाही आता वीस वर्षं होऊन गेली होती. सूनबाई प्राजक्ता बँकेत, तिला प्रश्न पडायलाच वेळ नव्हता. सुलभाबाईंनी लग्नानंतर पहिल्या महिन्यातच नवऱ्याला काही विचारणं सोडलं होतं. उरली एकटी रसिका. ती अजून विचारायची, एक तर सवयीनं आणि दुसरं म्हणजे कॉम्प्युटर सुरू व्हायला फार वेळ लागायचा म्हणून. ही एक मुलगी तिकडे गेली की आपण खुर्चीसकट अडगळीत जमा, हे मुकुंदरावांना पक्कं कळून चुकलं होतं, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं.

तर गुरुवारी संध्याकाळी रसिकानं तो शब्द आधी बापाला विचारला. मुकुंदराव पेपराआड श्वास धरून बसले. हर्षदनं चकती घातली. यंत्र बराच वेळ कुरकुरलं आणि शेवटी असं काही सापडत नाही म्हणालं. हर्षदनं स्पेलिंग तपासून पुन्हा घातलं, पुन्हा तेच. नसेल काही अर्थ, नुसतं नाव असेल, असं म्हणून तो जेवायला उठला.

"आजोबा, तुम्हाला माहितीय?" रसिकानं विचारलं.

मुकुंदरावांना माहीत नव्हतं. पण चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी 'माहीत नाही' हे शब्द एकदाही तोंडातून काढले नव्हते. सरकारी कामात त्यासाठी दुसरे शब्द असतात. त्यांनी पेपराची घडी केली, कपाटातून पुठ्ठ्याची कोरी फाईल काढली, पंचनं भोकं पाडली, हिरवी नाडी ओवली आणि कव्हरवर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, 'फाईल नंबर एक. विषय : शाळेच्या बिल्ल्यावरील शब्दाच्या अर्थाबाबत'. आणि त्याच संध्याकाळी रसिकाला तारीख-सहीनिशी अंतरिम उत्तर दिलं की आपली विचारणा मिळाली असून विषय विचाराधीन आहे. त्या कागदाची तिनं भूगोलाच्या पुस्तकात खूण करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सल्ला द्यायला समोरचे भगवंतराव आले. भगवंतरावांचं गौलीगुड्यात स्टीलच्या भांड्यांचं दुकान होतं आणि जगातली कुठलीही वस्तू एकदा तरी गौलीगुड्याच्या बाजारातून गेल्याशिवाय राहत नाही असा त्यांचा सिद्धांत होता. त्यात शब्दही आले. त्यांनी बिल्ला उलटसुलट करून पाहिला, नखानं वाजवला आणि पितळ हलकं असल्याचं सांगितलं. शब्द तुर्की असावा असं त्यांना वाटलं. मुकुंदरावांनी कॉन्व्हेंटचा बिल्ला तुर्की कसा असेल असं विचारल्यावर ते म्हणाले, मग लॅटिन. आणि लॅटिन असेल तर सोपं आहे, सगळे डॉक्टर लॅटिनच शिकतात, कोपऱ्यावरच्या डॉक्टरला विचारा.

सल्ला ऐकायला बरा होता. पण कोपऱ्यावरचा डॉक्टर दातांचा निघाला आणि त्याच्याकडे पेशंट म्हणून नंबर लावल्याशिवाय आत सोडत नव्हते. मुकुंदरावांनी नंबर लावला. तासाभरानं आत गेल्यावर त्यांनी खिशातून बिल्ला काढायच्या आत डॉक्टरनं त्यांना खुर्चीत आडवं केलं आणि आ करायला सांगितलं. आ केलेल्या माणसाला लॅटिनबद्दल विचारता येत नाही. डॉक्टरनं वरचा पुढचा एक दात हल्लू हलवून पाहिला आणि हा काही राहत नाही म्हणाला. बाहेर आले तेव्हा मुकुंदरावांच्या तोंडात कापसाचा बोळा होता, हातात दात होता आणि अर्थाच्या बाबतीत एवढीच प्रगती होती की डॉक्टरला फक्त हाडांची नावं येतात. फाईलवर त्यांनी नोंद केली, 'वैद्यकीय मत घेतले. उपयोग नाही.' दाताचा उल्लेख केला नाही, कारण तो विषयाला धरून नव्हता. पण तेव्हापासून त्यांच्या प्रत्येक 'स'बरोबर एक बारीक शिट्टी वाजायला लागली.

मग युनिव्हर्सिटी. घरापासून दहा मिनिटांच्या अंतरावर एवढी जुनी युनिव्हर्सिटी असताना तुम्ही दात काढायला कशाला गेलात, असं सुलभाबाईंनी विचारलंच. लायब्ररीत जाण्यासाठी फॉर्म होता. फॉर्मवर संशोधनाचा विषय असा रकाना होता, त्यात मुकुंदरावांनी प्रामाणिकपणे 'एक शब्द' असं लिहिलं. काउंटरवरच्या क्लार्कनं तो रकाना तीनदा वाचला. एक शब्द कुठल्याच विभागात बसत नाही म्हणाला, भाषाशास्त्राच्या प्रमुखांची सही आणा. भाषाशास्त्रवाले म्हणाले, लॅटिन आमच्याकडे नाही, इंग्लिशकडे जा. इंग्लिशचे प्रमुख रजेवर होते आणि त्यांच्या जागी बसलेल्या गृहस्थांना सहीचा अधिकार नव्हता, फक्त चहा पाजण्याचा होता. चहा पिऊन मुकुंदराव परत आले तर क्लार्क म्हणाला, गॅझेटेड ऑफिसरची सही चालेल, पण दोन फोटोंवर.

दुसरा कोणी असता तर चिडला असता. मुकुंदरावांना मात्र त्या पोराबद्दल आदर वाटायला लागला. असं काम त्यांनी स्वतः चौतीस वर्षं केलं होतं आणि समोरच्या बाजूनं ते कसं दिसतं हे आज पहिल्यांदा कळत होतं. त्यांनी फोटो काढले (तोंड मिटून), जुन्या साहेबाच्या घरी जाऊन सही आणली आणि सोमवारी सकाळी अर्ध्या तासाच्या बोलीवर आत प्रवेश मिळवला.

लॅटिनचा शब्दकोश पाटावरवंट्याइतका जड होता. मुकुंदरावांनी ओळीनं बोट फिरवलं. 'स्तामेन' होता, म्हणजे मागावरचा उभा धागा. त्यानंतर थोड्याच अंतरावर 'स्तान्नुम' होता, म्हणजे कथील. मध्ये कुठेच आपला शब्द नव्हता. त्यांनी पुन्हा खालून वर पाहिलं. नव्हताच. पन्नास वर्षं हजारो मुली छातीवर जो शब्द लावून हिंडत होत्या तो अस्तित्वातच नाही, या शोधानं त्यांचं डोकं सुन्न झालं. सिस्टरबाईंना हे कसं कळवावं याचा मसुदा ते मनात करायला लागले. तेवढ्यात पुस्तकं उचलून ठेवणारा म्हातारा शिपाई शेजारी येऊन उभा राहिला.

"लातीन होना तो फादर कने जाओ साब," तो म्हणाला. "किताब में कायकू ढूंढते?"

त्यानं पत्ता दिलेले फादर लूर्दुराजू सिकंदराबादला एका जुन्या चर्चच्या मागच्या खोलीत राहत. वय ऐंशीच्या घरात, पांढरा झगा, पायांत हवाई चपला, एका हातात काठी. मुकुंदराव गेले तेव्हा ते क्रोटनच्या कुंड्यांना पाणी घालत होते. मुकुंदरावांनी बिल्ला पुढे केला आणि आपल्या हैदराबादी हिंदीत विषय मांडला. फादरनी झारी खाली ठेवली. बिल्ला डोळ्यांजवळ नेला. मग शब्दाबद्दल काही न बोलता त्यांनी विचारलं की हे कोणाला पाहिजे आहे. नातीला, मुकुंदरावांनी सांगितलं.

"तीस साल मैं लॅटिन पढ़ाया," फादर म्हणाले. "फिर प्रार्थना तेलुगूमें होने लगी. उसके बाद तीस साल हो गए, मुझे किसीने कुछ नहीं पूछा."

 कोणी न विचारण्याची ही वेताची खुर्ची मुकुंदरावांच्या ओळखीची होती.

फादरनी अर्थ सांगितला नाही. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, ताठ उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "स्तो." मग मुकुंदरावांकडे बोट करून, "स्तास." मग कुंडीतल्या क्रोटनकडे, "स्तात." मग दोन्ही हात पसरून स्वतःला, मुकुंदरावांना आणि सगळ्या क्रोटनना कवेत घेत म्हणाले, "स्तामुस."

मी उभा आहे. तू उभा आहेस. ते झाड उभं आहे. आम्ही उभे आहोत. मुकुंदरावांना एकदम कळलं, आणि कोशात तो का नव्हता हेही कळलं. कोशात घरातला कर्ता पुरुष 'स्तो' तेवढा नोंदलेला असतो, बाकीची मंडळी त्याच्या नावावर राहतात. पुढे 'तुम्ही'साठी स्तातिस आणि 'ते सगळे'साठी स्तान्त.

काम तिथेच संपलं होतं. सोमवारचे साडेअकरा वाजले होते आणि शुक्रवारला चार दिवस शिल्लक होते. शहाण्या माणसानं आभार मानून घरी जावं. मुकुंदराव निघालेही होते. पण निघता निघता गौलीगुड्याच्या मराठी शाळेत पट्टी खाऊन पाठ केलेलं काहीतरी पन्नास वर्षांनी आपोआप तोंडातून निघालं. तिष्ठामि, तिष्ठसि, तिष्ठति. स्था म्हणजे उभं राहणं. तेच की हे! स्था आणि स्ता. मग स्थान. मग स्थानक. त्यांनी फादरना भीत भीत विचारलं, फादर, मग स्टेशन?

सेम फॅमिली, फादर म्हणाले, 'स्तातियो' म्हणजे उभं राहायची जागा.

मुकुंदराव खाली बसले. चौतीस वर्षं ज्याच्या जिवावर पगार खाल्ला तो शब्द त्यांनी आज पहिल्यांदा आतून पाहिला. स्थानक हे स्टेशनचं आपण केलेलं भाषांतर असं ते आयुष्यभर समजत होते. ते दोघं चुलतभाऊ निघाले. अजून कोण कोण या घरातलं आहे, आणि तो रोमन माणूस काल उभा होता तेव्हा काय म्हणायचा, उद्या उभा राहणार असला तर काय म्हणायचा, हे सगळं त्यांना त्याच क्षणी हवं झालं. फाईल अशी अर्धवट बंद करता येत नाही, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरं म्हणजे त्यांना गंमत वाटायला लागली होती, पण फाईलमध्ये गंमत लिहायला रकाना नसतो.

मंगळवारपासून ते रोज बसनं सिकंदराबादला जायला लागले. फादरची एक अट होती. उभं राहण्याचं क्रियापद बसून म्हणायचं नाही. त्यामुळे दोघे म्हातारे अंगणात समोरासमोर उभे राहत आणि मुकुंदराव शिट्टीसकट म्हणत, स्ताबाम, स्ताबास, स्ताबात, म्हणजे मी उभा असायचो, तू उभा असायचास, तो उभा असायचा. गुडघे दुखायला लागले तरी भूतकाळ संपत नव्हता, कारण लॅटिनमध्ये भूतकाळ बरेच आहेत. बसमध्येही ते उभ्यानं उजळणी करत. एका बाईनं त्यांचे हलणारे ओठ पाहून जागा करून दिली, ती त्यांनी अभ्यासासाठी नाकारली. कंडक्टरनं कुठे उतरायचं विचारलं तर 'स्ताबो' निघून गेलं, म्हणजे मी उभा राहीन. कंडक्टरनं नक्को सांगायचं तर नका सांगू म्हणून सरळ शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडलं.

घरात तर पाठांतराला धरबंद राहिला नाही. आंघोळ करताना स्तो, झाडांना पाणी घालताना स्तास. सुलभाबाईंना वाटलं, नवरा एकदाचा देवाधर्माला लागला, कुठल्या तरी स्तोत्राचा नेम धरला असेल, म्हणून दोन दिवस त्यांनी टीव्हीचा आवाजही कमी ठेवला. खरा प्रकार कळल्यावर त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, अहो, त्यापेक्षा दात बसवून घ्या. पण दुपारी पोळ्या लाटताना लाटण्याच्या ठेक्यावर त्यांच्याच तोंडून 'स्तामुस, स्तातिस, स्तान्त' निघालं, आणि ते त्यांनी घरात कोणाला कळू दिलं नाही. भगवंतरावांनी समोरच्या गॅलरीतून पाहून हा गुडघ्यांचा नवा व्यायाम असल्याचं ओळखलं आणि त्याला जोड म्हणून मेथ्या खायला सांगितलं.

बुधवारी संध्याकाळी मुकुंदरावांनी सुलभाबाईंना आणि गॅसच्या सिलिंडरला शेजारी उभं करून प्रात्यक्षिकही केलं. मी स्तो, तू स्तास, सिलिंडर स्तात. स्टेशन कुठून आलं हेही त्यांनी सिलिंडरला उद्देशून सांगितलं. रसिका डायनिंग टेबलावर गणितं सोडवत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि पुन्हा खाली घातली. आजोबा, उत्तर झालं का, असं तिनं विचारलं तेव्हा मुकुंदराव म्हणाले, अंतिम टप्प्यात आहे.

अंतिम टप्पा लांबला तो गुरुवारी. संस्कृतात दोघांसाठी वेगळं रूप असतं हे मुकुंदरावांना आठवलं. तिष्ठावः, आम्ही दोघे उभे आहोत. लॅटिनमध्ये दोघांसाठी काय, असं त्यांनी फादरना विचारलं. फादर म्हणाले, काही नाही, दोन असोत की दोनशे, स्तामुसच. मुकुंदरावांना रोमन लोकांची कीव आली. एवढं मोठं साम्राज्य, आणि नवरा-बायकोला गर्दीत ढकलून दिलं. पण फादरचं लक्ष तिकडे नव्हतंच. ते क्रोटनकडे पाहत राहिले होते.

"दो जने का अलग है?" त्यांनी हळूच विचारलं. "मुझे सिखाओ."

मग ऐंशी वर्षांचे फादर आत जाऊन एक वही घेऊन आले आणि मुकुंदरावांनी त्यांना तिष्ठावः शिकवलं. दोघं समोरासमोर उभे राहून ते म्हणत होते, एकदा हे, एकदा ते, चुकलं की हसत. त्या दुपारी मुकुंदरावांना आपलं वय, दात आणि शुक्रवार यांतलं काहीही आठवलं नाही.

शुक्रवार आठवला तो शुक्रवारी पहाटे. फाईल बेचाळीस पानांची झाली होती, स्वच्छ प्रत तयार होती, सूची होती, परिशिष्ट होतं. अशी फाईल रसिकाच्या दप्तरात टाकून मोकळं व्हायचं. पण मुकुंदरावांनी आयुष्यात कधी तज्ज्ञाच्या सहीशिवाय कागद पुढे पाठवला नव्हता. शेवटच्या पानावर 'तपासले, बरोबर आहे' आणि खाली फादरची सही, एवढीच कमी होती. रसिकाला शाळेत फाईल आणून देतो असं सांगून ते पहिल्या बसनं निघाले. फादर सकाळच्या प्रार्थनेत होते. प्रार्थना संपल्यावर त्यांनी चष्मा लावून पहिल्या पानापासून वाचायला सुरुवात केली, कारण तेही न वाचता सही करणाऱ्यांतले नव्हते. सतराव्या पानावर त्यांना एक अक्षर कमी सापडलं. पान पुन्हा लिहावं लागलं. फादरनी तोवर चहा ठेवला. सही झाली तेव्हा साडेआठ वाजून गेले होते.

रिक्षानं शाळेच्या फाटकाशी आले तर वॉचमन अंबाजीनं काठी आडवी धरली. पास होना, साब. पास कुठे मिळतो? आतल्या ऑफिसात. ऑफिसात कसं जायचं? पास घेऊन.  असाच एक नियम मुकुंदरावांनी स्वतः सत्त्याहत्तर साली स्टोअर्स डेपोसाठी लिहिला होता आणि तो अजून चालू असल्याचं ते अभिमानानं सांगत. मग निदान ही फाईल आवक करून घ्या आणि पोच द्या, ते म्हणाले. अंबाजीकडे पोच नव्हती. त्यानं बसायला स्टूल दिलं. मुकुंदराव बसले नाहीत. फाईल छातीशी धरून ते फाटकाला लागून उभे राहिले, आणि आत लाउडस्पीकरवर प्रार्थना संपल्याचं त्यांना ऐकू आलं. एका मुलीनं दिव्याबद्दल सांगितलं, एकीनं पुस्तकाबद्दल. मुकुंदरावांनी घड्याळ पाहिलं. एकच माणूस आपल्याला काही विचारत होतं आणि त्याला आपण वेळेत उत्तर दिलं नाही. आता ती माईकसमोर जाऊन सांगणार की मला माहीत नाही, आणि घरी येऊन चकती लावणार.

मग रसिकाचा आवाज आला.

"स्तो," ती म्हणाली, आणि लाउडस्पीकरमधून एक बारीक शिट्टी वाजली.

मुकुंदरावांनी फाटकाचा गज धरला. तिनं थेट आजोबांसारखंच सुरू केलं होतं. मी स्तो. सिस्टर, तुम्ही स्तास. झेंड्याचा खांब स्तात. आपण सगळ्या स्तामुस. प्रत्येक 'स' शिट्टीसकट, कारण तो शब्द तिनं दुसऱ्या कुठल्या प्रकारे कधी ऐकलाच नव्हता. मग तिनं स्टेशनची गोष्ट सांगितली, आणि काल उभी होते, उद्या उभी राहीन हेही म्हणून दाखवलं. फादरचं चार दिवसांचं शिकवणं तिनं दोन मिनिटांत बसवलं. शेवटी सगळ्या शाळेला तिनं म्हणायला लावलं, आणि पाचशे मुली एका दमात शिट्टी वाजवत 'स्तामुस' म्हणाल्या. रस्त्यावरचा एक कुत्रा उठून उभा राहिला.

अंबाजीनं विचारलं, कौन है वो बच्ची?

मेरी पोती, मुकुंदराव म्हणाले. 

परतीच्या बसमध्ये ते त्या आठवड्यात पहिल्यांदाच बसले. आनंद तर झालाच होता, पण अभिमान जरा दुखावलाही होता. बेचाळीस पानं, सूची, परिशिष्ट, तज्ज्ञाची सही, आणि काम फाईल न पोचताच झालं. हे त्यांच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं, किंवा कदाचित नेहमीच घडत असेल आणि त्यांना कोणी कळवलं नसेल. संध्याकाळी रसिकानं सांगितलं की सिस्टरनं विचारलं, हे कोणाकडून शिकलीस, आणि तिनं सांगितलं, आमच्याकडे आजोबा आहेत. पुस्तकात नाही का बघितलंस, असं विचारल्यावर ती म्हणाली होती की पुस्तकात तो नसतो. फाईल तिनं हातात घेतली, वजन करून पाहिली आणि सुटीत वाचेन म्हणाली. मुकुंदरावांनी तेवढ्यावर समाधान मानलं आणि फाईलवर 'प्रकरण बंद' असं लिहायला पेनचं टोपण काढलं.

हर्षद ऑफिसातून आला होता. प्राजक्तानं त्याला शाळेतला सगळा प्रकार सांगितला होता, तेव्हा तो हसला होता. नेहमीप्रमाणे तो कॉम्प्युटरपाशी बसला, चालू करायला बटणाकडे हात नेला आणि तसाच थांबला. मग उठून वेताच्या खुर्चीजवळ आला. 

"बाबा," तो म्हणाला, "आम्ही दिवसभर ऑफिसात सिस्टीम, सिस्टीम करत असतो. तो शब्दपण त्याच घरातला असेल का हो?"

मुकुंदरावांनी पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. तोंडात 'विषय विचाराधीन' हे शब्द तयार होते, आठ दिवसांपूर्वी तेच बाहेर पडले असते.

"माहीत नाही," ते म्हणाले. आणि 'नाही' म्हणताना त्यांना इतकं बरं वाटलं की ते हसायलाच लागले. "मला खरंच माहीत नाही, हर्षद. उद्या शनिवार आहे ना? माझ्याबरोबर चल. एक आहेत विचारायला."

हर्षदनं किती वाजता निघायचं ते विचारलं. मुकुंदरावांनी कपाटातून नवी फाईल काढली, नाडी ओवली आणि कव्हरवर दोन नंबर घातला. विषयाचा रकाना त्यांनी कोराच ठेवला. त्याच्या खाली, विचारणा करणाऱ्याच्या नावापुढे, त्यांनी सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'चि. हर्षद'.